बालेवाडीच्या किल्ल्या ज्यांच्याकडे आहेत, त्यांना खुलं पत्र

प्रति,
पुण्याच्या आणि महाराष्ट्राच्या फुटबॉलचे कारभारी,
सरकारी आणि पालिकेच्या मैदानांची व्यवस्था पाहणारे अधिकारी,
आणि उद्या पुण्यात क्लब काढायचं ज्यांच्या मनात आहे ते सगळे उद्योगपती

सप्रेम नमस्कार.

मी खडकीत दुचाकीच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो. रविवारी सकाळी आमच्या भागातल्या पोरापोरींचा फुटबॉल असतो, तिथं फक्की मारणं, जाळ्या बांधणं आणि पाण्याचे कॅन आणणं ही माझी कामं. शिकवणारे दुसरे आहेत. मला पद नाही, कुठल्या समितीत नाव नाही. गेली वीसेक वर्षं सुनील छेत्रीचं वेड आहे, एवढ्याच अधिकारात हे पत्र लिहितोय.

आधी त्याच्याबद्दल लिहू द्या. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी त्याच्याबरोबर फोटो काढलेत, पण त्याला खेळताना किती जणांनी नीट पाहिलंय याची मला शंका आहे.

२००५ च्या जूनमध्ये क्वेट्ट्यात पाकिस्तानविरुद्ध तो भारताकडून पहिल्यांदा उतरला आणि त्याच सामन्यात गोल करून आला. २००८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर एएफसी चॅलेंज करंडकाच्या अंतिम सामन्यात त्यानं ताजिकिस्तानला तीन गोल मारले. त्या विजयामुळे १९८४ नंतर पहिल्यांदाच, २०११ मध्ये, भारत आशियाई करंडकात खेळला. २०२४ च्या जूनमध्ये कोलकात्यात कुवेतविरुद्ध त्यानं निरोप घेतला तेव्हा देशासाठी ९४ गोल झाले होते. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये त्या दिवशी त्याच्या पुढे तिघंच होते: रोनाल्डो, अली दाई आणि मेस्सी.

आकडे कुणीही सांगेल. मला आवडतो तो आकड्यांच्या आधीचा छेत्री. उंची पाच फूट सात इंच. त्याच्यावर ठेवलेला बचावपटू बहुतेक वेळा त्याच्यापेक्षा वीतभर उंच. तरी हेडर त्याचाच लागतो. का, ते एकदा टीव्हीवर बॉल सोडून फक्त त्याच्याकडे बघत बसलात तर कळेल. बाजूनं क्रॉस यायच्या आधी तो बॉलकडे बघतच नाही, बचावपटूच्या खांद्याकडे बघतो. खांदा बॉलच्या दिशेनं वळला, की हा दोन पावलं पुढच्या खांबाकडे टाकतो, बचावपटू धावतो, आणि हा अर्धं पाऊल मागे येतो. त्या अर्ध्या पावलात गोल असतो. उडी त्यानंतरची. आमच्या पोरींना मी हे मोबाईलवर थांबवून थांबवून दाखवतो. त्यातली एक माझी पुतणी, वय तेरा. तिला ते अर्धं पाऊल जमायला लागलंय. काका म्हणून सांगत नाही, गोलकीपरला विचारा.

आता गंमत ऐका. हा माणूस आम्हा पुणेकरांचा कधीच नव्हता. कायम समोरच्या बाजूला. २०१२–१३ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे देशाच्या तेव्हाच्या वरच्या लीगमध्ये, आमची पुणे एफसी दुसरी आली. पहिली आलेल्या चर्चिल ब्रदर्सकडे त्या हंगामात छेत्री उसना आलेला होता. पुढे तो बंगळुरूचा झाला, मध्ये दोन हंगाम मुंबईकडून खेळला, पुण्याकडून कधीच नाही. मग २०१८ चा मार्च. आमची एफसी पुणे सिटी पहिल्यांदा आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या, उपांत्य फेरीत गेली होती, समोर छेत्रीची बंगळुरू. आमचे मार्सेलिन्हो आणि अल्फारो रंगात होते. पुण्यात बालेवाडीच्या स्टेडियमवरचा पहिला सामना गोलशून्य सुटला, आणि ११ मार्चला, रविवारी, बंगळुरूत दुसरा. आमच्या गल्लीत टीव्ही रस्त्यावर आणून ठेवलेला. पंधराव्या मिनिटाला त्यांच्या उदांताचा क्रॉस आला आणि छेत्रीचा हेडर. नंतर पेनल्टी, तीही त्याचीच. मग आमच्या लुक्कानं फ्रीकिकवर आमचा एक गोल फेडला, पोरं उठून उभी राहिली, आणि संपता संपता छेत्रीनं तिसरा घातला. ३–१. सगळी गल्ली माझ्याकडे वळून बघत होती, जणू मीच पास दिला होता. त्या रात्री जेवण गेलं नाही आणि राग पण येईना. आपला संघ हरावा आणि हरवणारा माणूस आपल्या देव्हाऱ्यातला असावा, या अवस्थेला कुठल्या देवाला नवस करायचा ते मला अजून कळलेलं नाही.

सांगायचं हे की छेत्रीनं आम्हाला हरवलं, संपवलं नाही. संपवलं ते वेगळ्या टेबलावर, आणि माझ्या तक्रारी तिथून सुरू होतात.

पहिली तक्रार क्लबांची. पुणे एफसी २००७ मध्ये सुरू झाली. २००९–१० मध्ये आय-लीगमध्ये तिसरी, २०१२–१३ मध्ये दुसरी, २०१४ मध्ये एएफसी करंडकात खेळली, आणि २०१५ मध्ये संपली. भारत एफसी आली, एक हंगाम खेळली, गेली. डीएसके शिवाजियन्स दोन हंगाम आय-लीगमध्ये होती, तीही गेली. एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये आली आणि २०१९ मध्ये तिची जागा हैदराबादला गेली. सगळ्यांचं घरचं मैदान एकच, बालेवाडी. पाच वर्षांच्या आत चार क्लब एका मैदानावरून उठले आणि त्यातल्या एकाच्याही वेळी आम्हाला, म्हणजे तिकीट काढून, गळ्यात मफलर घालून, खडकीहून पीएमपीच्या दोन बस बदलून येणाऱ्यांना, कुणी साधं पत्रक काढून सांगितलं नाही की बाबांनो, असं असं झालं, परवडलं नाही, क्षमस्व. तोटा होतो हे आम्हाला कळतं. दुकानदार आहे मी. पण दुकान बंद करताना उधारी असलेल्या गिऱ्हाइकालासुद्धा फोन करतात.

मालकांनी पैसा ओतला, त्याबद्दल आभारच. पण ज्याचा पैसा त्याचा क्लब आणि ज्या दिवशी कंटाळा येईल त्या दिवशी टाळं, ही रीत बदलायला हवी. कोल्हापूर बघा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ पिढ्यान्‌पिढ्या खेळतायत. त्यांना मोठा मालक नाही, म्हणून ते बंद करणाराही कुणी नाही. ते पेठेचे आहेत, तालमीचे आहेत. आमच्या चारही क्लबांना पुण्याच्या माणसांचं बळ होतं, पण कागदावर पुण्याचं काहीच नव्हतं.

क्लब बंद पडतो तेव्हा वरच्या संघातल्या खेळाडूला दुसरीकडे करार मिळतो. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराचं काय होतं, ते कुणी विचारत नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत आणि पुणे एफसीच्या अकादमीत शिकून २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्याला वाट सापडली. वाट न सापडलेले दोघंतिघं माझ्या ओळखीचे आहेत. एक आज जेवणाची पार्सलं पोचवतो, आणि फुटबॉलचा विषय काढला की हेल्मेट घालतो.

दुसरी तक्रार मैदानांची, आणि ही माझ्या रोजच्या जगण्यातली. मैदानाचं नाव घेत नाही, कारण सगळीकडे हीच कथा आहे. आम्ही महिन्याची फी भरतो, पावती असते. रविवारी सहाला पोचतो तर फाटकाला कुलूप. आत आदल्या रात्रीचं लग्न किंवा प्रदर्शन. नऊला कुलूप निघतं, तोवर ऊन चढलेलं. मैदानावर मांडवाच्या बांबूंचे खड्डे, खडी, आणि खिळे. खिळे आम्ही वेचतो. मी एक लोहचुंबक दोरीला बांधून आणतो दुकानातून, आणि पोरं ते ओढत मैदानभर फिरतात. वॉर्म-अप म्हणा हवं तर. तरी गेल्या पावसाळ्यानंतर पुतणीच्या गुडघ्यात एक शिरलाच. धनुर्वाताचं इंजेक्शन, तीन टाके. अर्ज दिला. उत्तर आलं की मैदान "बहुउद्देशीय" आहे. ते दिसलंच.

मैदान मिळत नाही म्हणून पोरं टर्फवर जातात. तासावर पैसे, जाळीचा पिंजरा, पाच-पाच जण. वाईट नाही, पायातला बॉल सुधारतो. पण तिथं क्रॉस नाही, ऑफसाइड नाही, हेडर तर जवळजवळ नाहीच. गोल केवढा, तर कमरेएवढा. छेत्रीचं ते अर्धं पाऊल पिंजऱ्यात शिकता येत नाही, त्याला पूर्ण मापाचं मैदान आणि उजव्या बाजूनं धावत येणारा कुणीतरी उदांता लागतो. तुम्ही मैदानं मांडवाला देता तेव्हा फक्त जागा देत नाही, पुढच्या दहा वर्षांचे फॉरवर्ड देऊन टाकता.

तिसरी तक्रार थोडक्यात, कारण ती फक्त पुण्याची नाही. आयएसएलच्या २०१४ ते २०२४–२५ या अकरा हंगामांत सर्वाधिक गोलांचा मान एकदाही भारतीयाला मिळाला नाही. पैसा असलेला प्रत्येक क्लब पहिला परदेशी घेतो तो नऊ नंबरला, म्हणजे मधल्या मुख्य फॉरवर्डच्या जागेवर. आपल्याकडचा गोल मारणारा पोरगा अठराव्या वर्षी पंखावर, म्हणजे मैदानाच्या कडेला, ढकलला जातो. खुद्द छेत्री कित्येक हंगाम बंगळुरूसाठी डावीकडून खेळला, त्यातले दोन हंगाम मध्ये परदेशी मिकू असायचा. तरी २०१७–१८ मध्ये त्यानं १४ गोल केले. आणि चाळिशीत, २०२४–२५ मध्ये, पुन्हा १४. निरोप घेतलेल्या या माणसाला २०२५ च्या मार्चमध्ये देशानं परत बोलावलं, आणि शिलाँगला मालदीवविरुद्ध त्यानं ९५ वा गोल घातलाही. मी टाळ्या वाजवल्या आणि नंतर वाईट वाटलं. एकशेचाळीस कोटींच्या देशाला गोल मारायला निवृत्त माणसाला उठवावं लागतं. २०२७ च्या आशियाई करंडकाची पात्रता तरीही हुकलीच.

आता मूळ मुद्दा.

२०१८ च्या जूनमध्ये मुंबईत अंधेरीला भारत चायनीज तैपेईविरुद्ध खेळला. छेत्रीचे तीन गोल, ५–० विजय, आणि बघायला जेमतेम अडीच हजार माणसं. दुसऱ्या दिवशी त्यानं हात जोडून व्हिडिओ टाकला: आमच्यावर टीका करा, हवं तर शिव्या द्या, पण मैदानात येऊन द्या. पुण्यातून आम्ही चौघं निघालो. इंटरसिटीनं दादर, तिथून अंधेरी. ४ जून, केनियाविरुद्ध, त्याचा शंभरावा सामना, आणि पाऊस असा की पलीकडचा गोल दिसेना. पण स्टेडियम भरलेलं. पेनल्टी घेताना तो बॉल ठेवायला वाकला, पाणी साचलेलं, बॉल तरंगून हलला. त्यानं तो परत ठेवला, बोटानं मातीत दाबला, आणि मग मारला. शेवटच्या मिनिटांत गोलकीपरच्या डोक्यावरून उचलून दुसरा. ३–०. आमच्यातला एक जण, जो लग्नातसुद्धा नाचला नव्हता, तो पायरीवर नाचला.

त्यानं या म्हटलं, आम्ही गेलो. मैदानात येणं ही प्रेक्षकाची बाजू, ती आम्ही पाळली. मैदान असणं ही तुमची बाजू. २०१९ नंतर पुण्यात आम्ही यायचं कुठं? शनिवारी रात्री पबमध्ये लिव्हरपूल-आर्सेनलच्या जर्सी घालून बसलेली शेकडो पोरं दिसतात, त्यांना हसू नका. त्यांनी परदेशी संघ निवडला कारण तो संघ पुढच्या शनिवारी असेल याची खात्री आहे. आमच्याकडे २०२५ मध्ये आयएसएलचा हंगामच लटकला होता, आणि छेत्रीसारख्याला पुन्हा जाहीरपणे बोलावं लागलं. एका खेळाडूनं किती वेळा हात जोडायचे?

बालेवाडी नालायक आहे असं कुणी म्हणू नये. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते संकुल उभं राहिलं. २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा स्पर्धा तिथं झाल्या. २०२२ च्या जानेवारीत महिलांच्या आशियाई करंडकात दक्षिण कोरियानं ऑस्ट्रेलियाला त्याच मैदानावर बाहेर काढलं. धावपट्टीमुळे प्रेक्षक जरा लांब बसतो, हे खरं, पण आम्ही दुर्बीण आणू. हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रोचा मार्गही तिथूनच जातो, म्हणजे "इतक्या लांब कोण येणार" हे कारणसुद्धा आता चालणार नाही.

तर मागण्या. शिव्या देण्याची सोय छेत्रीनं करून ठेवलेली असली तरी मी देत नाही.

एक: बालेवाडीचं मुख्य मैदान हंगामात महिन्यातून दोन शनिवार-रविवार जिल्ह्याच्या लीगला द्या. वरच्या गटाचे सामने तिथं खेळवा, तारखा तीन महिने आधी जाहीर करा, तिकीट वडापावाच्या किमतीत ठेवा. पहिल्या वर्षी तीनशे माणसं येतील. येऊ द्यात तीनशे.

दोन: पालिकेच्या आणि सरकारी अनुदानाच्या ज्या मैदानांवर गोलपोस्ट आहेत, ती ऑक्टोबर ते मार्च रविवारी दुपारपर्यंत खेळासाठी राखीव ठेवा, आणि मांडववाल्याकडून अनामत घ्या. खड्डे बुजवले, खिळे वेचले, तर अनामत परत. नाहीतर त्यातून फक्की येईल.

तीन, हे क्लब काढणाऱ्यांसाठी. या, जरूर या. पण पहिल्या दिवशी पाच वर्षांचा युवा संघांचा खर्च बँकेत बाजूला ठेवून या, मुलांचा आणि मुलींचा. वरचा संघ उद्या विकलात तरी खालची पोरं पाच वर्षं खेळली पाहिजेत, आणि क्लब मिटला तर त्यांना दुसरीकडे जायचे कागद महिन्याच्या आत हातात मिळाले पाहिजेत. संघटनेनं हे लेखी घेतल्याशिवाय नोंदणी देऊ नये. क्लबमध्ये थोडा हिस्सा शहरातल्या प्रेक्षकांना विकत घेऊ द्या. मी माझे पाच हजार आजच बाजूला काढतो.

चार: वयोगटाच्या स्पर्धांत प्रत्येक संघानं नऊ नंबरला आपल्याच जिल्ह्याचा मुलगा किंवा मुलगी खेळवावी, असा नियम करता येतो का ते पाहा. बाहेरून आणलेल्या, वय चोरलेल्या दांडग्यांना पुढे उभं करून करंडक मिळतात, फॉरवर्ड मिळत नाहीत. मुलींच्या स्पर्धा मुलांच्या उरलेल्या वेळात उरकू नका, हे याच मागणीत धरा.

पाच: भारताचा एक सामना पुण्याला मागा. पुरुषांचा किंवा महिलांचा, मैत्रीपूर्ण चालेल. आंतरराष्ट्रीय तारखा वर्षभर आधी ठरलेल्या असतात, अर्ज करायला मुहूर्त लागत नाही.

आणि सहावी मागणी माझी एकट्याची. छेत्री अजून बूट घालतो आहे तोवर त्याला एकदा बालेवाडीला बोलवा. शाल, श्रीफळ, पुणेरी पगडी आणि पाहुण्यांची सात भाषणं यासाठी नको. नव्वद मिनिटांचा सामना ठेवा, बंगळुरूविरुद्ध जिल्ह्यातल्या निवडक पोरांचा. तो आम्हाला पुन्हा तीन गोल मारेल, मारू दे. पुतणीला बॉलगर्ल म्हणून गोलच्या मागे उभं करायची परवानगी तेवढी द्या, म्हणजे ते अर्धं पाऊल तिला मोबाईल न थांबवता दिसेल.

या पत्राचं उत्तर मला व्यक्तिशः नको, कारण व्यक्तिशः मिळालेली उत्तरं माझ्याकडे एका फाइलमध्ये आहेत आणि ती फाइल भरली. जाहीर द्या, तारखेसकट. पहिल्या दोन मागण्यांना तर पैसेही फारसे लागत नाहीत, एक परिपत्रक पुरतं. येत्या हंगामाच्या आधी ते निघालं नाही, तर आम्ही पोरं, पालक, जाळ्या आणि लोहचुंबक घेऊन पालिकेच्या फाटकासमोर रविवारचा सराव घेऊ. परवानगीचा अर्ज आधी करू, पावती ठेवू.

कळावे,
आपला,
खडकीचा एक फुटबॉलवेडा दुकानदार